हाताची घडी

“बॅटरी आधी काढ. बाकीचं मग,” जयवंतकाका खेकसले.

अश्लेषाचा हात बॅटरीवरच होता. सासऱ्यांना उलट न बोलता तिनं ती अलगद सोडवली. काउंटरच्या अलीकडे बसलेल्या पॉलिनचा जीव टांगणीला लागला होता. घरबसल्या भाषांतरं करून ती पोट भरायची, आणि लॅपटॉपचा मदरबोर्ड गेल्यापासून सगळंच ठप्प होतं. इतक्या जुन्या मॉडेलचा बोर्ड काकांनी महिनाभर शोधून कुठून तरी मिळवला होता. तोही एकच. बिघडला तर दुसरा मिळायचा नव्हता. आणि ज्यांच्या हाताची तारीफ ऐकून ती नायगावच्या या दुरुस्तीच्या दुकानात आली होती, ते काका स्वतः स्टुलावर बसून सुनेला कामाला लावत होते!

दोन्ही हात काखेत घट्ट. हाताची घडी होती, पण तोंडावर बोट काही नव्हतं. “तो लांब स्क्रू वेगळा ठेव. जोर लावू नको. पंख्याची वायर बघ.” तोंडाचा पट्टा आपला सुरूच.

अश्लेषाची बोटं मात्र बघत राहावीत अशी होती. जुना बोर्ड तिनं उचलला तेव्हा शेजारची एक वायरसुद्धा हलली नाही. नव्या बोर्डावरच्या चिपवर तिनं ती तापू नये म्हणून लावायच्या पेस्टचा ठिपका ठेवला, अगदी हवा तेवढाच.

“जूचंद्रची का गं तू?” पॉलिननं न राहवून विचारलं. जूचंद्रच्या रांगोळ्या कुणाला ठाऊक नाहीत?

“हो ताई. आमच्याकडे पोरगी चालायला लागली, की तिच्या चिमटीत रांगोळीच देतात,” अश्लेषा हसली.

“बोलू नको. चष्मा,” काका म्हणाले.

काकांचा चष्मा नाकावरून घसरला होता. अश्लेषानं काम थांबवलं, मनगटानं तो वर सरकवला आणि पुन्हा खाली वाकली. पॉलिनच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःचा चष्माही सुनेनं सावरायचा? देवानं हात काय शोभेला दिलेत?

आता कीबोर्डची पट्टी तेवढी राहिली होती. कागदासारखी पातळ, आणि ती जिथं बसवायची ती खाच नखाएवढी. वाकडी गेली की मोडलीच.

“श्वास धर,” काका हळूच म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. पट्टी आत सरकली. “आता सोड.”

तिघांनीही एकदमच सोडला.

अश्लेषानं बटण दाबलं. पडदा थोडा वेळ काळाच राहिला, आणि मग उजळला. “जेजू!” पॉलिन येशूचं नाव पुटपुटली. या पोरीला मिठी मारावी, असं तिला वाटून गेलं.

टपरीवरून तीन ग्लास चहा आला. काकांची घडी अजून तशीच होती.

मग मात्र पॉलिनच्यानं गप्प बसवेना. “काका, राबली ती. निदान चहा तरी स्वतःच्या हातानं द्या तिला!”

अश्लेषाचं हसू मावळलं. “ताई, तुम्ही...”

“बरोबर बोलतायत त्या,” काका म्हणाले, आणि त्यांनी काखेतले हात बाहेर काढले.

दोन्ही हात लटलट कापत होते. त्यांनी ग्लास उचलला. सुनेपर्यंत पोचेपोचेतो अर्धा चहा काउंटरवर सांडला. अश्लेषानं आधी लॅपटॉप बाजूला ओढला, मग सासऱ्यांच्या हातातला ग्लास घेतला आणि उरलेला चहा उभ्याउभ्याच चवीनं प्यायला. पॉलिनला तोंड कुठं लपवू असं झालं.

अश्लेषानं दुसरा, भरलेला ग्लास उचलला आणि काकांच्या ओठांशी नेला. थेंबही हिंदकळला नाही.

“श्वास सोडा, बाबा,” ती म्हणाली. “आता प्या.”