इर्माची वही

“गाडी बाजूला घे, ऑरिन.”

“इथे? इथे काय आहे?”

इथे खरंच काही नव्हतं. करडी झुडपं, हात वर करून उभे असलेले निवडुंग आणि टूसॉन शहराकडे सरळ गेलेला रस्ता. एप्रिल सरत आला होता. हिवाळाभर या वाळवंटात मुक्काम ठोकणारी म्हातारी जोडपी आपापली फिरती घरं घेऊन केव्हाच उत्तरेला परतली होती. वर्ना आणि ऑरिन या दोघांनाच निघायला उशीर झाला होता.

वर्नाच्या मांडीवर वही उघडी होती. वही तिची नव्हती. डिसेंबरात ही जुनी घर-गाडी विकत घेतली, तेव्हा भांड्यांच्या कपाटात ती सापडली होती. आधीच्या मालकिणीची, इर्मा नावाच्या बाईची. विकणारा एवढंच म्हणाला होता, “नवराबायको दोघंच फिरायचे. वाटेत एक गेलं, म्हणून गाडी विकायला आली.” इर्मानं प्रवासाच्या प्रत्येक दिवसाचं एक पान लिहिलं होतं. गाड्यांच्या मुक्कामाच्या कुठल्या तळावरचं पाणी गोड, कुठे वारा रात्रभर गाडी हलवतो, कुठल्या खानावळीतला राजमा क्लॅरेन्सला बाधला. क्लॅरेन्स म्हणजे तिचा नवरा. चार महिने वर्ना आणि ऑरिन त्या वहीच्या मागोमाग फिरत होते. रोज सकाळी एकच पान वाचायचं, पुढचं बघायचं नाही, असा वर्नाचा नियम होता.

“काय म्हणतेय आज तुझी मैत्रीण?” ऑरिन चिडवायचा. मैत्रीण हा शब्द वर्नाला आवडायचा.

आज निघायच्या घाईत पान वाचायचं राहून गेलं होतं. ते तिनं आत्ता, चालत्या गाडीत उघडलं होतं.

‘उकाडा फार. क्लॅरेन्सला दरदरून घाम सुटलाय. म्हणतो, काही नाही गं, ऊन लागलंय, तळावर पोचलो की पडतो जरा. बरं म्हटलं.’

पुढचं पान कोरं होतं. त्याच्या पुढचंही. पार शेवटपर्यंत कोरं.

तिनं मान वर करून ऑरिनकडे पाहिलं. गाडीतली थंड हवा जोरात चालू होती, तरी त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. एक हात चाकावर होता, दुसऱ्यानं तो छातीचा वरचा भाग चोळत होता.

“काय होतंय तुला?”

“काही नाही गं. ऊन लागलंय. तळावर पोचलो की पडतो जरा.”

शब्दाला शब्द तेच. तिला वाटलं, मागच्या बाकावर कुणीतरी बसलंय आणि पुढे वाकून ऐकतंय. तेव्हाच ती म्हणाली होती, गाडी बाजूला घे.

ऑरिननं गाडी थांबवली. वर्नानं त्याला ते पान वाचून दाखवलं, पुढची कोरी पानंही दाखवली. वर्नानं फोन काढून पाहिला. रेंज नव्हती.

“ऊठ. मी चालवते. तळाकडे वळायचं नाही, थेट टूसॉनला दवाखान्यात जायचं.”

“तू? हे धूड? तुला साधी मोटार मागे घेता येत नाही!”

“मागे कुठे घ्यायचीय? सरळ तर जायचंय.”

“वर्ना, कोण कुठला क्लॅरेन्स मेला, त्याच्यावरून तू माझं भविष्य सांगतेस?”

“तिनं ‘बरं’ म्हटलं,” वर्ना म्हणाली. “मी म्हणणार नाही. ऊठ.”

तो उठला. उठताना त्याला आधार घ्यावा लागला, हे दोघांनीही पाहिलं.

सत्तर मैल. समोरून ट्रक आला की सगळी गाडी थरथरायची, कपाटातल्या बशा किणकिणायच्या. सुरुवातीला ऑरिन कुरकुरत होता, “उजवीकडे राहा, अगं उजवीकडे.” मग तो गप्प झाला. ते गप्प होणं तिला ट्रकपेक्षा भयंकर वाटलं. चाक घट्ट धरून ती मोठ्यानं बोलायला लागली, त्याच्याशी नव्हे. “इर्मा, बाई, सोडू नकोस गं मला. एवढं पोचव.”

डॉक्टर तरुण होते. बाहेर येऊन त्यांनी टोपी काढली. “अजून तासभर उशीर झाला असता ना, तर आज मी तुमच्याशी वेगळंच बोललो असतो.”

चौथ्या दिवशी ऑरिन उशीला टेकून बसला आणि दवाखान्याच्या सूपला नावं ठेवायला लागला. तेव्हा कुठे वर्नाचा जीव भांड्यात पडला. वही घेऊन ती बाहेरच्या बाकावर गेली. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत, ‘सापडल्यास कळवावे’ म्हणून एक नंबर लिहिला होता. तो तिनं लावला. एका पुरुषानं उचलला. इर्माचा मुलगा असेल, असं तिला वाटलं.

“इर्माबाईंशी बोलायचं होतं.”

“आपण कोण?”

तिनं सगळं एका दमात सांगितलं. गाडी, वही, रोजचं पान, ते शेवटचं पान. “तुमच्या वडिलांचं फार वाईट वाटतं हो. पण आईंनी ते लिहून ठेवलं, म्हणून आज माझा नवरा जिवंत आहे.”



“वडील नव्हे,” तो म्हणाला. “क्लॅरेन्स मीच. मला त्या दिवशी खरंच ऊन लागलं होतं. दोन तास झोपलो, बरा झालो. ती माझ्यासाठी बर्फ आणायला म्हणून उतरली आणि गाडीच्या पायरीवर बसली. बसली ती बसलीच.”

वर्नानं मांडीवरची वही जवळ ओढली.

“त्या गाडीतलं मी कशालाच हात लावला नाही. होतं तसं देऊन टाकलं. वही उघडायची तर छातीच झाली नाही.” त्याचा आवाज बारीक झाला. “तुम्ही रोज वाचता म्हणालात. तिला काही दुखत होतं का हो? कुठे लिहिलंय का तिनं?”

वर्ना पानं उलटू लागली. पाणी. वारा. क्लॅरेन्सचा चष्मा. क्लॅरेन्सचे गुडघे. क्लॅरेन्सचा घाम. चार महिने जिला ती मैत्रीण म्हणत आली होती, ती बाई त्या वहीत कुठेच नव्हती.