उशिरा पडलेला लाल रुमाल

अमेरिकन फुटबॉलचा अर्धा सामनाही झाला नव्हता आणि ओरडून ओरडून नॉर्बर्टचा घसा बसला होता. घरच्या निळ्या संघाच्या गड्याने कडेच्या रेषेपाशी तो लांबोडका चेंडू काय सुरेख झेलला होता! पण दोन्ही पाय रेषेच्या आत पडायला हवेत, आणि पंच म्हणाला, उजव्या पायाचा अंगठा रेषेला लागला. प्रशिक्षकाने लाल रुमाल मैदानात फेकून दाद मागितली. मुख्य पंचाने चित्रण पुन्हा पाहिलं आणि तरीही झेल नाकारला.

"अंगठ्याचं नखसुद्धा दिसतं का रे तुम्हाला?" नॉर्बर्ट ओरडला. आजूबाजूचे हसले. एकतिसाव्या रांगेत त्याच्या तोंडाचा पट्टा सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्याच्या वडिलांनी या तीन जागा दर हंगामासाठी कायमच्या घेतल्या तेव्हा इथे लाकडी फळ्या होत्या.

उजवीकडे त्याची मुलगी जॉईस बसली होती. बर्फाळ जमिनीने पाय गोठू नयेत म्हणून ती दर सामन्याला पुठ्ठ्याचे तीन तुकडे आणायची. तिसरा तुकडा तिच्या भावाचा, क्लेटनचा. पण क्लेटनच्या जागी आज पिवळ्या जर्सीतला एक माणूस बसला होता, पाहुण्या संघाचा चाहता. जॉईसने पुठ्ठा मुकाट्याने त्याच्या पायाखाली सरकवला होता.

नॉर्बर्टच्या कोटाच्या आतल्या खिशात एक अर्ज होता. तिन्ही जागा क्लेटनच्या नावावर करायचा. सकाळी न्याहारीच्या टेबलावरच त्याने सही केली होती. सामना संपला की तिकीटखिडकीवर द्यायचा, की झालं. जॉईसला ते ठाऊक होतं. ती काही बोलली नव्हती.

बोलणार तरी काय? दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा बर्फावरून घसरला आणि त्याचा खुबा मोडला, त्या रविवारी तिने आपलं तिकीट विकलं आणि तिच्या जागी असाच एक पिवळा येऊन बसला. नॉर्बर्ट अख्खा हिवाळा तिच्याशी बोलला नाही. आपल्या घरात शत्रूला बसवणारीला या जागा मिळणार नाहीत, असं त्याने सगळ्या रांगेच्या देखत सांगून टाकलं होतं. त्यानंतरही तिने एकही सामना चुकवला नव्हता.

मध्यंतरात पिवळ्याने थर्मासमधली कॉफी पुढे केली. माणूस वाईट नव्हता. क्लेटनकडून आम्ही मित्र दरवर्षी पाळीपाळीने तिकीट घेतो, असं त्याने सहज सांगितलं. पुढच्या वर्षी तिन्ही जागा मिळतील असाही क्लेटनने शब्द दिला होता म्हणे.

क्लेटनला गंमत करायची सवयच आहे, असं नॉर्बर्ट म्हणाला. पोरगा लांब राहतो, कामात असतो. कॉफी मात्र त्याने घेतली नाही.

शेवटची सहा मिनिटं उरली असताना ते घडलं. पिवळ्यांच्या गड्याने त्याच रेषेपाशी झेल घेतला. त्याचाही अंगठा रेषेवर पडला, नॉर्बर्टने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. पंचाने झेल दिला. पिवळ्यांनी घाईघाईने रांग धरली, पुढचा डाव सुरू केला आणि मग कुठे निळ्यांच्या प्रशिक्षकाचा लाल रुमाल मैदानात पडला. मुख्य पंचाने नकारार्थी मान हलवली. पुढचा डाव सुरू झाला की मागचं काही तपासत नाहीत.

नॉर्बर्ट बाकावर चढला. "झोपला होतास काय? आता तो रुमाल नाक पुसायला घे!" मग तो पंचाकडे वळला. "आणि तू रे? अंगठा तोच, रेषा तीच. आमचा बाहेर आणि त्यांचा आत? माणूस बघून नियम लावतोस?"

जॉईसने त्याच्या कोटाची बाही ओढून त्याला खाली बसवलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मी एकदा तिकीट विकलं. क्लेटनने किती वेळा?"

नॉर्बर्ट तिच्यावर खेकसणार होता. क्लेटनची गोष्ट वेगळी आहे, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. ते त्याचे त्यालाच ऐकू आले आणि त्याने ते गिळले. निळे हरले. पिवळ्याने जाताना टोपी काढून नमस्कार केला, तोही त्याला दिसला नाही. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

खिडकीपाशी त्याने अर्ज काढला. क्लेटनचं नाव खोडलं आणि वर जॉईसचं लिहिलं. मग तिला जवळ बोलावून कागद दाखवला. चेहरा उजळेल म्हणून तो बघत राहिला.

जॉईसने कागद वाचला, नीट घडी केली आणि परत त्याच्या खिशात ठेवला. मग तिने सांगितलं. ती जन्मली त्याच आठवड्यात तिच्या आईने तिचं नाव कायमच्या जागांच्या प्रतीक्षायादीत घातलं होतं. चव्वेचाळीस वर्षांनी नंबर लागला होता. वरच्या मजल्यावर, एकच खुर्ची. महिनाभर तिने उत्तर दिलं नव्हतं, बाबा काय ठरवतात ते बघत होती. गेल्या मंगळवारी मुदत संपली आणि तिने होकार कळवला. आता तो फिरवता येत नव्हता, आणि एका नावावर दोन ठिकाणी जागा मिळत नाहीत.

"मला सांगायचं तरी होतंस," नॉर्बर्ट म्हणाला.

बाहेर पायऱ्यांवर बर्फ साचला होता. जॉईसने दरवेळेसारखा त्याचा कोपर घट्ट धरला.

"रुमाल उशिरा टाकलात, बाबा," ती म्हणाली.