पन्नास रॅकेटांची ऑर्डर

आमच्या दादरच्या जिमखान्यात दळवीकाकांचं दुकान आहे. तिथे आम्ही सगळे रॅकेट हातात घेऊन बघतो, हवेत चार फटके मारतो आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतो. काल माझी नवी रॅकेट आली. मूड एकदम झक्कास, म्हटलं काकांची परत एकदा खेचू. दुकानाच्या नंबरवर फोन लावला आणि जाडा साहेबी आवाज काढला.

"लोअर परळच्या ऑफिसातून मॅनेजर बोलतोय. स्टाफच्या टुर्नामेंटसाठी पन्नास रॅकेटा पाहिजेत."

काका जराही गडबडले नाहीत. ग्रिप कुठल्या रंगाची, तारा किती ताणायच्या, कव्हरवर कंपनीचं नाव टाकायचं का, सगळं निवांत विचारत बसले. मीही ठोकत गेलो. शेवटी म्हणाले, "बरं वैभव, जेवलास का?"

माझी हवाच गेली. "काय काका, एवढा भारी आवाज काढला होता. ओळखलात कसा?"

"आवाज नाही ओळखला रे," काका म्हणाले. "हल्ली या नंबरवर तुझ्याशिवाय दुसरं कोणी फोनच करत नाही."