बांगड्याचं ताट

पापलेटाचे सगळे तुकडे आनंदाबाईनं मुलाच्या आणि जावयाच्या ताटात वाढले. उरले ते बांगडे.

"आपण बायका हेच खाऊ," ती सुनेला म्हणाली.

दीपमालाला सहावा महिना होता. गावच्या तलावातला रोहू खाऊन ती विटली होती. समुद्राची मासोळी खावीशी वाटते, असं तिनंच नवऱ्याला, हेमराजला सांगितलं होतं. तो साकोलीच्या बाजारातून दोन्ही जातींची घेऊन आला. पापलेट चपटं, चांदीसारखं, पांढऱ्या मऊ मांसाचं, काटा नावाला. बांगडा लांबोडा, पाठीवर निळसर पट्टे, मांस काळपट, तेलकट, चवीला उग्र. पापलेट कोणासाठी आणलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ऐन वेळी जावई येऊन बसले.

पुरुष जेवून ओसरीत गेले. दीपमाला राहिलेले बांगडे तळत होती. मागं सासू एकटीच जेवत होती. तिच्याकडे न बघताच दीपमाला बोलून गेली, "एक तुकडा मले ठेवला असता तं काय झालं असतं, आई?"

मागं ताट सरकल्याचा आवाज आला.

दीपमालानं गॅस बंद केला, ओटा पुसला आणि वळली. सासूचं जेवण संपलं होतं, पण ती उठली नव्हती. तिचा चेहरा लालभडक झाला होता. कान लाल, मान लाल, डोळे तांबारलेले. कपाळावरची शीर उडत होती. लग्नाला वर्ष होत आलं, पण सासूचा असा राग तिनं कधी पाहिला नव्हता.

"मी काही वाईट नाही म्हटलं, आई."

उत्तर नाही. नजर मात्र तिच्यावरच रोखलेली.

खाली मान घालून दीपमालानं ताट वाढून घेतलं. भातात माशाचा तुकडा कुस्करून घास उचलला.

तोच आनंदाबाई भिंत धरून उठली. तिनं घासावर फटका मारला, ताट ओढलं, कढई उचलली आणि मागच्या दारानं सगळं उकिरड्यावर नेऊन फेकलं.

दीपमाला रिकाम्या हाताकडे पाहत बसली. "उद्याच मायच्या घरी जातो," ती पुटपुटली.

परसात काहीतरी धप्पकन पडलं.

साकोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आनंदाबाईला इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. ते हेमराजला म्हणाले, "बांगडा बर्फाबाहेर राहिला की त्यात विष तयार होतं. वास येईलच असं नाही, आणि तळूनही ते जात नाही. पापलेटाचं सहसा असं होत नाही. आणखी कोणी खाल्ला काय?"

पहाटेपर्यंत चेहऱ्याची लाली ओसरली. आनंदाबाईनं डोळे उघडले आणि चाचपडत सुनेचं मनगट धरलं.

"जीभ जड झाली होती वो, बोलताच येत नव्हतं," ती कशीबशी म्हणाली. "तुनं आधी एखादा घास तं नाही ना खाल्ला?"