बारा सुया

"कालव्याच्या किड्यावरच्या सुया घेतल्या होत्या का, खाला?" डॉक्टर रबाबने विचारलं.

"नाही," सनिय्या म्हणाली.

तिचा नवरा शहाता चमकला. मग त्याला वाईट वाटलं. यकृत बिघडलं की माणूस विसरायला लागतो, असं डॉक्टरच मघाशी म्हणाली होती.

रिपोर्ट वाईट होते. कावीळ वाढलेली, रक्तातलं प्रथिन घटलेलं, रक्त गोठायला वेळ लागत होता. पोटात पाणी झालं होतं. दोन वर्षं शहाता तिला मन्सूरा शहरातल्या या इस्पितळात चल म्हणत होता. ती कधी भाताची लावणी पुढे करायची, कधी सुनेचं बाळंतपण. शेवटी मुलाने, हमदीने, तिला उचलून गाडीत घातलं.

"विसरली ती," शहाता म्हणाला. "घेतल्यात. बाराच्या बारा मीच टोचल्यात."

तेव्हा तो गावच्या दवाखान्यात मदतनीस होता. ती सतरा वर्षांची. कालव्याच्या पाण्यातला किडा कातडीतून अंगात शिरायचा, म्हणून त्यात उतरणाऱ्या सगळ्यांना दर आठवड्याला सुई घ्यावी लागे. बाकीच्या पोरी रडायच्या, ही म्हणायची, आधी स्वतःला टोचून दाखव. त्याने स्वतः कधीच घेतली नाही, त्याला सुईची भीती वाटायची. बारावी सुई झाली आणि त्याने आईला तिच्या घरी मागणी घालायला पाठवलं. गावातल्या प्रत्येक लग्नात तो हे सांगायचा. आत्ताही त्याने हसत सांगितलं.

डॉक्टर हसली नाही. दिवसाला माणसं किती आणि सुया किती, असं तिने विचारलं.

शहाता ताठ बसला. या कामाचा त्याला अभिमान होता. माणसं साठ. काचेची पिचकारी एक, सुया तीन. सकाळी तो सगळं स्वतः उकळायचा. मग प्रत्येकानंतर स्पिरिटच्या बोळ्याने सुई पुसायची. त्याच्या हातून कुणाला साधी गाठही आली नाही.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

"खालांना झालाय तो काविळीचा विषाणू पुसून मरत नाही, हाजी. एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात जात राहिलं. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. गावोगाव असंच झालं."

शहाताचा चुलतभाऊ पिवळा पडून गेला होता. शेजारचा न्हावी, मशिदीत बांग देणारा मुअज्जिन, तेही तसेच गेले होते. सगळे त्याच्या रांगेत उभे राहिलेले. तो प्रत्येकाच्या दफनाला गेला होता.

"आता गोळ्या आहेत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी आला असतात, तर यकृत कदाचित वाचलं असतं."

शहाताने बायकोकडे पाहिलं. तिला धक्का बसलेला नव्हता. ती त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये टीव्हीवर सांगत होते, अबू हमदी. त्या सुयांतूनच हा रोग पसरला, तपासायला गेलं की सुयांचं पहिलं विचारतात म्हणून," सनिय्या म्हणाली. "तुम्ही रोजा सोडून नुकतेच जेवायला बसला होतात. मी टीव्ही बंद केला."