सुशीचे डोहाळे
दवाखान्यातून निघाल्यावर सासूबाई मला घेऊन जळगावच्या मोठ्या सुपरमार्केटात शिरल्या आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "सुशी दे. मासा नको त्यात." चूक माझीच होती. सातवा महिना लागल्यापासून "काय खावंसं वाटते तुले?" असं त्या रोज विचारायच्या. जळगावात मिळणारच नाही असं काहीतरी सांगावं म्हणून मी मोबाइलवर पाहिलेल्या जपानी सुशीचं नाव घेतलं होतं. मुलीने काकडी-गाजराचा डबा दिला. आम्ही तिथल्याच बाकावर बसलो. सुरळीच्या वडीएवढे सहा तुकडे आणि कडेला प्लास्टिकचं हिरवं पान. "केळीच्या जिल्ह्यात पान पलास्टिकचं," त्या पुटपुटल्या. "खाय." मी एक तुकडा तोंडात टाकला. तो गार, आंबूस भात घशाखाली उतरेना. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "आता खरं सांग." मला रडूच आलं. "आईच्या हातचं भरीत." आमच्या असोद्यात कुणाकडेही भरीत पार्टी ठरली की भरीत करायला पहिलं बोलावणं सासूबाईंना येतं. अशा बाईसमोर हे कसं बोलणार, म्हणून तर सुशी काढली होती. त्यांनी एक तुकडा उचलला, सावकाश चावला आणि डोळे मिटून गिळला. "याच्यापेक्षा तर बरंच असीन तुह्या मायचं भरीत. उद्याच बोलाव तिले शिरपूरहून." मग डब्याचं झाकण दाबत म्हणाल्या, "वांगे मात्र आपल्याच वावरातले राहतीन."