बापाच्या थडग्यावरचं गवत

शरदातल्या सणाआधी अख्खं गाव विळे घेऊन टेकडीवर चढलं. पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापायचं होतं. ग्यू-हानही बापाच्या थडग्याशी बसला. बाप म्हणजे जपान्यांनी देश बळकावला होता तेव्हाचा, त्यांच्याच बाजूचा बडा पुढारी. त्याच्या भाषणांनी गावातली पोरं जपानच्या लढाईवर गेली होती.

शेजारची म्हातारी आली आणि थडग्यावर थुंकली. "माझ्या लेकाचं हाडूकसुद्धा घरी आलं नाही रे! आणि या हरामखोराची तू हजामत करतोयस?"

"थुंका आजी," तो खाली मानेने म्हणाला आणि गवत कापत राहिला.


ते थडगं रिकामं होतं. लोक उकरतील या भीतीने बापाला त्याने गुपचूप ओढ्याकाठी पुरलं होतं, आणि तिथल्या कमरेएवढ्या गवताला विळा लावायची सोय नव्हती.